मोठेपणी साहसकथा वाचताना तुम्हाला नक्की काय सापडतं?

मुठाकाठ:
नमस्कार मंडळी, माझं ऑफिस फुरसुंगीत आहे. फुरसुंगी म्हटलं की पुण्यातल्या लोकांना हल्ली आयटी पार्क नाहीतर कचरा डेपो आठवतो, पण मला रोज हडपसर सोडलं की फास्टर फेणेच आठवतो, फुरसुंगीचा बनेश फेणे, विद्याभवन शाळेतला काडीसारखा पोरगा, सायकल आणि ते ट्टॉक! परवा न राहवून दुकानात गेलो आणि भा. रा. भागवतांची चार पुस्तकं एकदम घेऊन आलो, दोन तर त्याच रात्री संपवली. वय ४३, दुसऱ्या दिवशी सकाळी रिलीज होतं तरीही.

आता प्रश्न असा की मला जो आनंद झाला तो नुसता लहानपणच्या आठवणींचा की पुस्तकातच काही आहे? कारण मला वाटतं पुस्तकातच आहे. बन्या जे बघतो ते सगळं पुढे उपयोगी पडतं, एक आवाज, कुणाची तरी घाई, काहीही वाया जात नाही. आमच्या रोजच्या आयुष्यात आपण किती बघतो आणि किती वाया घालवतो! तुम्ही कोणती वाचता, आणि काय मिळतं त्यातून?

चिंचेचाबोटूक:
आठवणींचा प्रश्न माझ्यापुरता निकालात निघालाय कारण मी फाफे (फास्टर फेणे हो) लहानपणी वाचलाच नाही. आमच्या गावात वाचनालय नव्हतं, घरात पाठ्यपुस्तकं आणि पोथ्या सोडून पुस्तक नाही. पहिल्यांदा वाचला तो ३६व्या वर्षी, मुलाला झोपताना वाचून दाखवायला. त्यामुळे जुनं आठवून हळवं व्हायला माझ्याकडे काही नाहीच, तरी मुलगा झोपल्यावर मी पुढची दोन प्रकरणं एकटीने वाचायचे.

मला जे मिळालं ते भाषेतून मिळालं. भागवतांची वाक्यं तोंडाने म्हणायची आहेत हो, मोठ्याने वाचलं की कळतं, पळापळ असेल तिथे वाक्य आपल्यालाही पळवतं आणि दम लागला की बरोबर थांबतं. मोठ्यांच्या किती कादंबऱ्यांत हे मिळतं सांगा. मुलांसाठी लिहिताना हा माणूस कुठेही कमी कष्ट घेत नाही, आणि ते मला वाचताना फार जाणवतं, कुणीतरी आपला मान ठेवलाय असं वाटतं.

दर्यावर्दी७२:
माझं मत थोडं वेगळं आहे. पुस्तक तेच राहतं पण आपण त्यात दुसऱ्या जागी जाऊन उभे राहतो. स्टीव्हन्सनचं ट्रेझर आयलंड मी सातवीत वाचलं तेव्हा त्यातला पोरगा जिम सफरचंदाच्या पिंपात लपून चाच्यांचा कट ऐकतो तिथे माझे हातपाय गार पडले होते, आणि एका पायाच्या चाच्याची, सिल्व्हरची, भयंकर भीती वाटायची. गेल्या वर्षी परत वाचलं तर मी सगळा वेळ सिल्व्हरकडेच बघत होतो, तो माणूस जिमशी किती गोड बोलतो आणि त्यातलं थोडं खरंही असतं! शेवटी तो नाण्यांची एक पिशवी उचलून पळून जातो तेव्हा लहानपणी राग आला होता, यावेळी सुटल्यासारखं वाटलं. का ते अजून विचार करतोय.

आणि त्या पुस्तकाचा जन्म माहितीये का, १८८१ सालचा पावसाळी उन्हाळा, स्कॉटलंडमधलं ब्रेमार, बाहेर जाता येईना म्हणून सावत्र मुलाबरोबर रंगपेटी घेऊन बसले असताना स्टीव्हन्सनने बेटाचा नकाशा काढला आणि नकाशातून गोष्ट आली. पुढे तो मूळ नकाशा प्रकाशकाकडे पाठवताना हरवला, त्याला पुस्तकावरून परत काढायला लागला. म्हणजे आधी नकाशा मग गोष्ट, मग गोष्टीवरून नकाशा. मला ही गोष्ट समजल्यापासून पाऊस लागला की मुलीला कागद-रंग काढून देतो.

गिरगावकर_मी:
वरच्यांना अनुमोदन, पण एक खटकणारी बाजू पण सांगतो. ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांत जग फिरण्याची गोष्ट (मूळ १८७३ची) परत वाचली. त्यात आपली मुंबई आहे, गोष्टीचा नायक फॉग, त्याचा नोकर बूट घालून मलबार हिलवरच्या देवळात शिरतो, पुढे रेल्वेचे रूळच संपतात म्हणून फॉग दोन हजार पौंडांना हत्ती विकत घेतो, सगळी धमाल. पण सती जाणाऱ्या औदाला सोडवतात तो भाग आता वाचताना त्यातले आपले लोक नुसते रानटी दिसतात, व्हर्न भारतात कधी आलाही नव्हता. लहानपणी हे काही लक्षात आलं नव्हतं.

तरी त्याच प्रकरणाने मला धरून ठेवलं. मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवणारा फॉग म्हणतो माझ्याकडे अजून बारा तास शिल्लक आहेत, ते मी यासाठी देऊ शकतो. लहानपणी मी हे वाक्य ओलांडून पुढच्या पळापळीकडे धावलो असणार. आता मी तिथे पुस्तक मिटून थोडा वेळ खिडकीत उभा राहिलो. मुठाकाठ, भागवत स्वतः व्हर्नचे केवढे भक्त, चंद्रावर स्वारी आणि पाताळलोकची अद्भुत यात्रा त्यांनीच मराठीत आणली, फाफे झाला की ती घ्या.

मुठाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार, पाताळलोक शोधतोच. चिंचेचाबोटूक, तुमचं मोठ्याने वाचण्याचं डोक्यात बसलं. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, सध्या वाचायला बंदी, दिवसभर नुसते पडून कंटाळलेत. काल रात्री त्यांच्याजवळ बसून 'प्रतापगडावर फास्टर फेणे' वाचायला घेतलं. पहिल्यांदा ट्टॉक आलं तेव्हा मी जरा थांबलो, नीट जमेना, तर डोळ्यावरच्या पट्टीसकट बाबांनीच टाळूला जीभ लावून करून दाखवलं.