शेअरिंग सायकलींची देखभाल: करारात तोडफोड कशी लिहावी?

आमच्या दुरुस्तीच्या दुकानाला शेअरिंगच्या, म्हणजे लोक भाड्याने वापरतात त्या, ३०० सायकलींच्या देखभालीचं काम मिळतंय. सुटे भाग, जीपीएस आणि कुलूप कंपनीकडे, मजुरी आपली. कामागणिक दर दिला होता, तो नाकारला. त्यांना सायकलमागे महिन्याचा ठोक दरच हवा.

भरीव टायर, म्हणजे पंक्चर नाही. पण हादरे थेट रिमवर येतात आणि मागचे स्पोक तुटतात. शिवाय तीन गिअरचा बंद हब, म्हणजे गिअर मागच्या चाकाच्या मध्यभागी आत बंद: ते चाक काढलं की गिअरची केबल सोडून पुन्हा जुळवायची. वेळ तिथेच जातो.

झीज ठोक दरात, तोडफोड वेगळी, एवढं दोघांना मान्य आहे. अडलंय व्याख्येवर. वाकलेला रिम किंवा एकाच चाकाचे तीन-चार स्पोक एकदम तुटले, तर ते कशात धरता? आणि पुरावा म्हणून फोटो पुरतो का?