चॅनेल बंद केलं, आता वाचायचं काय? (‘गप्पा-राजकारण’ ग्रुप, मुख्य ग्रुपवर टाकू नये)

जोशी काका, बी-४०३: आमच्याकडे न्यूज चॅनेल बंद. घरातून फर्मान निघालंय. आठ चौकटींत आठ जण एकदम बोलतात, आणि नेमकी तीच आमची जेवायची वेळ. मंडळी, राजकारण कळावं म्हणून हल्ली तुम्ही काय वाचता? ब्लॉग, साइट, काहीही चालेल. मराठीत असेल तर उत्तम.

अमोल, सी-१०२: काका, भाऊ तोरसेकरांचा ‘जागता पहारा’. डोळे झाकून वाचा.

स्मिता, ए-२०४: डोळे झाकून वाचायचं कसं? 😄

अमोल, सी-१०२: झाली ताईंची सुरुवात 🙏 यूट्यूबवर त्यांचं ‘प्रतिपक्ष’ही आहे. पटो न पटो, माणसाला जुनं सगळं पाठ आहे. चॅनेलवरच्या पोरांना पवारांचं १९७८चं पुलोद सरकार म्हणजे काय विचारा, गूगल करतील.

सुनंदा काकू, ए-१०१: मी निखिल वागळेंना ऐकते. कणीक मळता मळता.

अमोल, सी-१०२: काकू, मग चॅनेल काय वाईट होतं?

सुनंदा काकू, ए-१०१: इथे एका वेळी एकच माणूस बोलतो. तेवढं तरी समाधान.

स्मिता, ए-२०४: काका, नावं देतेच, पण आधी माझी चाळणी सांगते. लिहिणारा कुठल्या बाजूचा आहे ते मी नंतर बघते. ज्या कागदावरून तो बोलतोय तो कागद त्याने दाखवलाय का, हे पहिलं.
आठवा, २०२५च्या जूनमध्ये याच ग्रुपवर तिसऱ्या भाषेवरून काय रणकंदन झालं. अर्धे म्हणत होते पहिलीपासून हिंदीची सक्ती, अर्धे म्हणत होते सक्ती काढली. दोन्हीकडून ब्लॉगच्या लिंका धडाधड येत होत्या. १७ जूनचा जीआर सरकारच्याच साइटवर होता, तोही मराठीत. त्यात होतं काय? मराठी आणि इंग्रजी माध्यमात पहिली ते पाचवी तिसरी भाषा सर्वसाधारणपणे हिंदी. दुसरी भारतीय भाषा घेता येईल, पण त्या इयत्तेत निदान २० मुलांनी मागायला हवी. मग शिक्षक देणार, नाहीतर ऑनलाइन.
आता आपल्या कोपऱ्यावरच्या शाळेत एका इयत्तेत पस्तीसेक मुलं. त्यातली वीस जणं एकमताने तमिळ मागणार का? म्हणजे माझ्या मते सक्तीच, फक्त मागच्या दाराने. पण ते मत बाजूला ठेवा. ‘सक्ती गेली’ म्हणणाऱ्यांनी ती वीसची अट गाळली, आणि ‘सक्ती आली’वाल्यांनी पर्याय होता हेच लपवलं. ज्याने ती अट पहिल्याच परिच्छेदात सांगितली, त्याचा ब्लॉग मी सेव्ह करून ठेवला. २९ जूनला हा आणि त्याआधीचा एप्रिलचा, दोन्ही जीआर रद्द झाले, नरेंद्र जाधवांची समिती आली, आणि आपला ग्रुप आंब्याच्या पेट्यांकडे वळला.

जोशी काका, बी-४०३: तो जीआर मी तेव्हा वाचलाच नव्हता. भांडलो मात्र जोरात.

अमोल, सी-१०२: काका, सगळेच 😂

निनाद, ए-३०१: माझी यादी: न्यूजलाँड्री, स्क्रोल, द वायर, रिपोर्टर्स कलेक्टिव्ह. शेवटचे तर माहिती अधिकारातले आणि सरकारी कागद काढून बसतात, ताईंच्या चाळणीत हमखास टिकतील. न्यूजलाँड्री २०१२पासून आहे, जाहिराती घेत नाही, वर्गणीवर चालतं.

जोशी काका, बी-४०३: वर्गणी? बातमीला पैसे?

निनाद, ए-३०१: काका, पेपर इतका स्वस्त घरात पडतो तो जाहिरातींच्या जिवावर. त्यातली पानभर जाहिरात कोणाची असते बघा. ज्याची जाहिरात, त्याच्याबद्दल किती कडक छापणार?

अमोल, सी-१०२: हे सगळे एकाच माळेचे मणी. समतोल म्हणून स्वराज्य, ऑपइंडिया, आणि मराठीत साप्ताहिक विवेक.

स्मिता, ए-२०४: स्वराज्य मी वाचते. राजाजींच्या आशीर्वादाने १९५६ला निघालेलं नाव, आता नव्या रूपात. रस्ते, रेल्वे, अर्थकारण यावर चांगलं असतं. विवेक संघविचाराचा आहे हे उघड आहे, लपवाछपवी नाही, म्हणून चालतो. साधनाचं तसंच: साने गुरुजींनी १९४८ला सुरू केलेलं, समाजवादी वळणाचं. या दोन घरांतले लेख एकाच विषयावर लागोपाठ वाचा, मजा येते. ऑपइंडिया मात्र मी वाचत नाही.

अमोल, सी-१०२: आणि मी वायर.

स्मिता, ए-२०४: मान्य.

सेक्रेटरी, बी-१०१: मध्येच बोलतो. उद्या टाकी साफ होणार आहे, सकाळी ९ ते १ पाणी नाही. मुख्य ग्रुपवर टाकलंय, पण तिकडे कोणी वाचत नाही.

अमोल, सी-१०२: टँकर कुठल्या पक्षाचा?

सेक्रेटरी, बी-१०१: 🙏

सुनंदा काकू, ए-१०१: मराठीत अजून एक सांगते. ‘पारी’. पी. साईनाथांनी २०१४ला सुरू केलेलं. ऊसतोड कामगार, कांदेवाले, विणकर, त्यांच्याच तोंडून. राजकारण म्हणून वाचायला गेलात तर पुढाऱ्याचं नाव क्वचित सापडेल, पण मला तरी सगळं राजकारण तिथेच दिसतं.

निनाद, ए-३०१: काकू, भारी! आणि ते व्हायरल व्हिडिओ टाकता त्याआधी ऑल्ट न्यूज किंवा बूमवर एकदा बघत जा ना.

सुनंदा काकू, ए-१०१: माझे मिस्टर टाकतात ते. फोन एकच आहे.

अमोल, सी-१०२: त्यापेक्षा पीआयबी फॅक्ट चेक. सरकारीच आहे, विश्वासाचं.

स्मिता, ए-२०४: अमोल, सरकारवरचा आरोप खोटा की खरा हे सरकारनेच ठरवायचं? केंद्राने २०२३ला नियम बदलून असा अधिकृत कक्ष नेमायची सोय केली होती. त्याविरुद्ध कुणाल कामरा आणि इतर आपल्याच मुंबई उच्च न्यायालयात गेले. आधी दोन न्यायमूर्तींची मतं जुळली नाहीत, तिसऱ्यांकडे गेलं, आणि सप्टेंबर २०२४मध्ये ती दुरुस्ती रद्द झाली. पीआयबी खुलासे करतं ते जरूर वाच. पण तो खुलासा आहे, निकाल नाही.

अमोल, सी-१०२: बरं. वाचतो म्हणजे मानतो असं नाही, हे तुमच्या यादीलाही लागू.

स्मिता, ए-२०४: बिनशर्त. काका, आता खरं सांगू? यातलं काहीच नको असेल तर दोन साइट घ्या. पीआरएस: संसदेत आलेल्या विधेयकांचा सारांश, शिवाय आपला खासदार किती दिवस हजर होता, किती प्रश्न विचारले. आणि मायनेता: उमेदवारांची मालमत्तेची आणि गुन्ह्यांची प्रतिज्ञापत्रं. एडीआर नावाची संस्था सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली, २००२ला निकाल लागला, म्हणून आज ती आपल्याला दिसतात. त्यात मत नाही, विशेषण नाही.

जोशी काका, बी-४०३: उघडलं. आपल्या आमदारांची २०१९ आणि २०२४, दोन्ही शेजारी शेजारी लावून बसलोय. स्मिता, हे गंमतशीर आहे. यात गाडीच नाही.

स्मिता, ए-२०४: जोडीदाराचा रकाना बघा. मग अवलंबितांचा.

जोशी काका, बी-४०३: तिथेही नाही. मग गणपतीला ज्या पांढऱ्या गाडीतून उतरले ती कोणाची?

अमोल, सी-१०२: काका, कंपनीच्या नावावर असेल. स्क्रीनशॉट टाका, बघू.

सेक्रेटरी, बी-१०१: कृपया टाकू नका. सौर पॅनेलच्या उद्घाटनाला त्यांनाच बोलावलंय.