लाकोटा मुलाचा 'अंकल': काका की मामा?

शाईचा_डाग
मुलांच्या एका मासिकासाठी लाकोटा लोकांवरचा (अमेरिकेतली एक मूळ जमात) इंग्रजी लेख मराठीत आणतेय. अडलंय अगदी साध्या वाक्याशी. मुलाला त्याचं पहिलं धनुष्य 'अंकल' देतो. मी 'काकांनी दिलं' लिहून मोकळी झाले. मग मसुदा एका मैत्रिणीला दाखवला, ती मानववंशशास्त्र शिकलेली. तिने 'काका'भोवती लाल गोल काढला आणि समासात लिहिलं, "लाकोटांत काका नसतो." नसतो म्हणजे काय? बापाला भाऊच नसतात का तिकडे? मामा करू का? रविवारी मजकूर द्यायचाय.

निरुक्त
मैत्रिणीचं बरोबर आहे. लाकोटात वडील 'अते' आणि वडिलांचा भाऊही 'अते'. आई 'इना', मावशीही 'इना'. वेगळा शब्द लागतो तो वडिलांच्या बहिणीला आणि आईच्या भावाला. आईचा भाऊ 'लेक्शी'. म्हणजे जो बाप नाही, आजोबा नाही आणि तरी त्या पिढीतला वडीलधारा आहे, तो लेक्शी. मामा लिहा. इंग्रजीने काका-मामा एका पोत्यात भरले, आपल्याकडे दोन शब्द असताना तुम्ही पोतं तसंच उचललंत.

वऱ्हाडी_ठेचा
यात नवल काय? आमच्याकडे वडिलांचे मोठे भाऊ म्हणजे 'मोठे बाबा' आणि त्यांची बायको 'मोठी आई'. मी दहावीत असेपर्यंत फॉर्मवर 'वडिलांचे नाव' आलं की मोठे बाबाच सही करायचे, गुरुजींनी कधी हरकत घेतली नाही. 'काका' हा शब्द आमच्या घरात पुण्याची सून आली तेव्हा आला.

तिरकस
मोठ्या बाबांचं ठीक, पण लाकोटा म्हणजे तेच ना, शाळेच्या पुस्तकातले 'सिऑक्स'?

मिनियापोलिसकर
उच्चार 'सू'. शेवटी एक्स आहे तो फ्रेंचांचा. शेजारच्या ओजिब्व्यांच्या शब्दाला त्यांनी आपलं अनेकवचन चिकटवून 'नादुएसू' केलं, पुढे डोकं उडवून नुसती शेपटी ठेवली. मूळ शब्दाचा अर्थ 'छोटे साप' असा सांगतात, काही अभ्यासक 'परकी बोली बोलणारे' असा लावतात. काहीही धरा, नाव शेजाऱ्याने ठेवलेलं. ते स्वतःला लाकोटा, दाकोटा म्हणतात, म्हणजे मित्र, सोबती. इकडे आमच्या शहरातल्या मोठ्या तळ्याचं जुनं नाव काढून दाकोटा नाव लावलंय, 'ब्दे माका स्का'. 'ब्दे' म्हणजे तळं. लाकोटात तेच 'ब्ले'. द गेला, ल आला, बाकी सगळं जागच्या जागी.

निरुक्त
ड-लयोरभेदः, ड आणि ल यांत भेद नाही! आपल्या वैयाकरणांनी मिसूरी नदीकाठीही हात पोचवला म्हणायचा.

तिरकस
मुलांच्या मासिकात 'सू लोक' छापाच. पहिलीतली पोरं पानभर खिदळतील आणि लेख कुणी वाचणार नाही.

शाईचा_डाग
हो, म्हणूनच मी 'लाकोटा' लिहिलंय आणि त्यांच्या भाषेच्या कुळाला 'सूअन भाषाकुळ'. तेही कानाला बोचतंच. पण माझा प्रश्न धनुष्याचा होता.

अक्का_साताऱ्याच्या
मामाच असणार. धनुष्य, सायकल, पहिलं घड्याळ हे मामाच देतो. चुलता देतो तो फक्त हिशेब.

वऱ्हाडी_ठेचा
अक्का, तुमच्या वाटण्या अजून झालेल्या दिसत नाहीत. 😄 पण 'चुलता' शब्द काढलात ते बरं केलंत. अस्सल मराठी तोच, काका फारसीकडून आलेला पाहुणा. चुलता म्हणजे ज्याची चूल वेगळी झाली तो.

निरुक्त
चुलीशी काही संबंध नाही. संस्कृतात 'क्षुल्लतात', म्हणजे धाकटा बाप. क्षचा छ, छचा च, झाला चुलता. म्हणजे शाईताई, तुमचा लाकोटा मुलगा बापाच्या भावाला 'बाप' म्हणतो आणि आपण 'धाकटा बाप' म्हणतो. आपण फक्त विसरलोय.

वऱ्हाडी_ठेचा
शब्द कोशात जन्मतात की घरात? आमच्या आजीला क्षुल्लतात सांगितलं असतं तर तिने क्षुल्लक समजून हाकलून दिलं असतं. चूल वेगळी म्हणूनच चुलता, ती हेच सांगायची.

निरुक्त
आजीबद्दल आदर आहे, व्युत्पत्तीबद्दल नाही.

मिनियापोलिसकर
चुलीवरून भांडताच आहात तर एक ऐका. लाकोटा, दाकोटा या सगळ्या मंडळींचं एकत्र नाव 'ओचेती शाकोविन'. 'शाकोविन' म्हणजे सात. इंग्रजीत 'सात सभाग्नी' अशा थाटाचं भाषांतर करतात, पण 'ओचेती' म्हणजे विस्तव पेटवायची जागा, हल्ली स्वयंपाकाच्या शेगडीलाही तोच शब्द चालतो. मराठीत सरळ 'सात चुली'.

निरुक्त
'सात चुली' म्हटलं की वाचणाऱ्याला भाऊबंदकी दिसेल. ते उलट एकत्र असण्याचं नाव आहे. 'सात अग्नी' ठेवा.

अक्का_साताऱ्याच्या
अग्नी होमात. माणसं जेवतात चुलीवर.

मिनियापोलिसकर
शाई, एक सावधगिरी. लेखात दुसरीकडे ओमाहा किंवा क्रो लोक आले असतील तर हाच नियम लावू नका. भाषाकुळ एकच, पण नात्यांची गणितं निराळी. ओमाहांत मामाचा मुलगाही मामाच, वयाने तुमच्याहून लहान का असेना. क्रोंत आत्याचा मुलगा बाप. मानववंशशास्त्रात नात्यांच्या दोन पद्धतींना या दोन जमातींचीच नावं आहेत.

तिरकस
माझा आतेभाऊ चार महिने उसने घेऊन फिरतोय. त्याला 'बाबा' म्हटलं तर परत मिळतील का?

अक्का_साताऱ्याच्या
हसू नका, आपलंही तसंच. आमच्या गावात मामेभावाला आणि आतेभावाला 'मेव्हणा' म्हणून हाक मारतात, लग्न झालेलं असो की नसो. आणि आत्याच्या नवऱ्याला आम्ही मामाच म्हणतो.

निरुक्त
अक्का, जिंकलात! लाकोटात आत्याचा नवराही 'लेक्शी'च, आणि मावशीचा नवरा 'अते', म्हणजे बापाच्या रांगेत. आपण मावशीच्या नवऱ्याला काका म्हणतो ते उगीच नाही. सगळी घडी जुळते.

रत्नांग्री
आत्याचा नवरा मामा?? आमच्याकडे आतोबा. मामा म्हणजे आईचा भाऊ आणि फक्त आईचा भाऊ. आणि मावशीचा नवरा मावसा. हे काका-मामा सगळीकडे लावणं म्हणजे शहरी आळस.

अक्का_साताऱ्याच्या
सातारा शहरी? आमच्याकडे अजून आत्याचा नवरा मांडवात आला की "मामा आले" म्हणून पाट मांडतात.

शाईचा_डाग
थांबा, घोळ झालाय. मूळ लेख पुढे वाचला. दोन पानांनंतर त्याच माणसाबद्दल लिहिलंय की तो मुलाच्या बापाचा सख्खा भाऊ. म्हणजे लेखकाने 'अंकल' आपल्या नजरेने लिहिलं, मुलाच्या तोंडी तो 'अते' असणार. मग मामा तर साफ चूक. 'काका' लिहिलं तर मैत्रीण पुन्हा गोल काढणार आणि 'बाबांनी धनुष्य दिलं' लिहिलं तर पोरांना वाटेल बापानेच दिलं. 'मोठे बाबा' लिहू का? पण तो मोठा की धाकटा हे लेखात कुठेच नाही.

वऱ्हाडी_ठेचा
'मोठे बाबा' लिहाच. किमान वऱ्हाडातली पोरं तरी खूश.

निरुक्त
'चुलता' लिहा. धाकटा बाप त्यात आपोआप येतो.

रत्नांग्री
मावसा शब्द कोशात आहे, काढून बघा. आणि आतोबाही आहे.

अक्का_साताऱ्याच्या
कोशात आहे, पण कुणाच्या तोंडात आहे ते सांगा ना.