पांढरे झगेवाले माथेफिरू होते की गावातली प्रतिष्ठित माणसं?

रानपाखरू :
परवा ऑफिसात जेवताना विषय निघाला आणि एक जण म्हणाला, कू क्लक्स क्लॅन, ती अमेरिकेतली काळ्यांवर अत्याचार करणारी गोऱ्यांची संघटना, म्हणजे चार माथेफिरू, कुठल्या देशात नसतात, त्यात एवढं काय. मला अजिबात पटलं नाही पण तेव्हा धड बोलता आलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात कोलफॅक्स नावाचं गाव आहे. १३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. निवडणुकीच्या निकालावरून वाद पेटला होता, काळे लोक कोर्टाच्या इमारतीवर पहारा देत होते, गोऱ्यांचा जमाव, त्यात क्लॅनवालेही, तोफ घेऊन आला, इमारत पेटवली आणि जे शरण आले त्यातल्या कितीतरी जणांना त्याच रात्री कैदेत असताना गोळ्या घातल्या. इतिहासकार मेलेल्यांचे आकडे ६० पासून १५० पर्यंत देतात. नव्वदच्या वर लोकांवर आरोप ठेवले, दोषी ठरले तिघे, आणि १८७६ ला सुप्रीम कोर्टाने तेही सोडले, कारण काय तर सगळ्यांना कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती सरकारला बांधते, खाजगी माणसांनी केलेल्या अत्याचाराला लागू होत नाही.

पुढचं ऐका. १९२१ ला गावाच्या दफनभूमीत त्यात मेलेल्या तीन गोऱ्यांसाठी स्तंभ उभारला आणि त्यावर चक्क कोरलं की हे वीर गोऱ्यांच्या वर्चस्वासाठी लढताना पडले. तिघांची नावंही आहेत. स्तंभ उभारायचा तर कोणीतरी पैसे काढतं, कोणीतरी जागा देतं, मजकूर ठरवायला चार माणसं बसतात. हे माथेफिरूंचं काम आहे का? नंतर राज्य सरकारनेही तिथे 'कोलफॅक्सची दंगल' अशी पाटी लावली, ती निघाली थेट २०२१ ला.

आणि त्याच १८७३ साली आपल्या जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली, ती अर्पण केली अमेरिकेत गुलामी संपवणाऱ्या भल्या लोकांना. ते पान वाचताना मला दरवेळी गलबलून येतं. इतक्या लांबून एक माणूस त्यांच्याकडून आशा धरून बसला होता आणि तिकडे त्याच वर्षी हे चाललं होतं.

वकीलसाहेब :
रानपाखरू, कळकळ पोचली, पण अर्धाच इतिहास सांगताय. क्लॅन १८६५ च्या शेवटी टेनेसीत पुलास्कीला सुरू झाली, यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणी सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी काढलेली, आणि अवघ्या सहा वर्षांत राष्ट्राध्यक्ष ग्रँटने ती मोडली. १८७१ ला खास कायदा आणला, साउथ कॅरोलिनाच्या नऊ काउंट्यांत हेबियस कॉर्पस, म्हणजे अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागायचा हक्क, स्थगित केलं, सैन्य घातलं, शेकड्यांनी धरपकड केली, पुढारी राज्य सोडून पळाले. म्हणजे सरकार त्यांच्या विरोधात उभं राहिलं होतं. सगळी व्यवस्थाच सामील होती असं म्हटलं की ज्यांनी जीव धोक्यात घालून खटले चालवले, साक्षी दिल्या, त्यांच्यावर अन्याय होतो.

रानपाखरू :
अहो, मी तेच म्हणतोय ना. मनावर घेतलं तर वर्षभरात मोडता येत होती, म्हणजे नंतर जे चालू राहिलं ते चालू दिलं म्हणून. १८७७ ला दक्षिणेतून सैन्य काढून घेतलं, ते कोणी माथेफिरूने काढलं का? आणि १९१५ ला हीच क्लॅन जॉर्जियात परत उभी राहिली तेव्हा तर लाखोंनी सभासद झाले, त्यात धर्मगुरू, दुकानदार, पोलीस. इंडियानात गव्हर्नर त्यांच्या पाठिंब्यावर निवडून आला. १९२५ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनमध्ये भर दिवसा मोर्चा काढला, तोंडं उघडी ठेवून. ओळखलं जाण्याची भीतीच उरली नव्हती.

सातपुडा :
मला दोघांचंही पूर्ण पटत नाही. जुनं ठीक आहे, पण आजचा जो गोरा अतिरेकी आहे त्याच्यामागे ना गाव असतं ना गव्हर्नर, एकटा खोलीत बसून इंटरनेटवर डोकं भरवून घेतो आणि बंदूक उचलतो. त्याला १९२५ च्या मापाने मोजून काय मिळणार? शिवाय समाज, व्यवस्था असं करत बसलं की ज्याने ट्रिगर दाबला तो सुटतो, हे मला खटकतं.

मिलवॉकीची_मावशी :
सातपुडा, एकटा म्हणू नका रे बाबा. मी इथे विस्कॉन्सिनात राहते. ५ ऑगस्ट २०१२ ला, रविवारी सकाळी ओक क्रीकच्या गुरुद्वारात लंगरचा स्वयंपाक चालू होता, तेव्हा एक जण पिस्तूल घेऊन शिरला. सहा जण त्या दिवशी गेले, सातवे साडेसात वर्षं अर्धांगात पडून २०२० ला गेले. काही बायका-मुलं कोठीच्या खोलीत दाराआड श्वास रोखून बसली होती. मारेकरी आधी सैन्यात होता, गोऱ्या वर्चस्ववाल्यांच्या बँडमध्ये गाणी वाजवायचा, म्हणजे त्याला मित्र होते, ऐकणारे होते, टाळ्या वाजवणारे होते. प्रार्थनेच्या दालनाच्या दाराच्या चौकटीत एका गोळीचं भोक तसंच ठेवलंय, खाली छोटी पट्टी आणि तारीख. मी गेले होते तेव्हा बोट लावून पाहिलं, करंगळीच्या टोकाएवढं. आपली काही मंडळी अजून म्हणतात की हे काळ्या-गोऱ्यांचं भांडण, आपला काय संबंध. त्यांना एकदा तिथे न्यावंसं वाटतं मला.

वकीलसाहेब :
मावशी, वाचून गप्प झालो जरा. तरी माझा मुद्दा सोडत नाही. १९८१ ला अलाबामात मोबील शहरात क्लॅनवाल्यांनी एका १९ वर्षांच्या काळ्या मुलाला मारून झाडाला लटकवलं. त्याच्या आईने संघटनेवरच दावा लावला, १९८७ ला ज्यूरीने ७० लाख डॉलर भरपाई दिली. एवढे पैसे त्यांच्याकडे होते कुठे, म्हणून टस्कालूसातल्या मुख्यालयाची इमारतच त्या बाईच्या नावावर झाली, ती विकून तिने स्वतःसाठी घर घेतलं. हेही अमेरिकेतलंच कोर्ट आहे.

रानपाखरू :
आहे, आणि त्या आईला माझा दंडवत. पण दावा तिने आणि खाजगी वकिलांनी लढवला. १९६३ ला अलाबामातच बर्मिंगहॅमला काळ्यांच्या चर्चमध्ये क्लॅनवाल्यांच्या बॉम्बने चार मुली मेल्या, तिघी १४ च्या आणि एक ११ ची, त्याची पहिली शिक्षा १९७७ ला झाली आणि शेवटची २००२ ला. चाळीस वर्षं त्या घरांतल्या लोकांनी काय करायचं होतं, ते सांगा.

वकीलसाहेब :
त्याला माझ्याकडे उत्तर नाही.