गच्चीवर हा सिनेमा लावायचं कोणी ठरवलं?

पाटील बी-२०४: कोजागिरीला 'द नेमसेक' लावायचं कोणाच्या डोक्यातून निघालं? लोक मसाला दूध प्यायला येतात, रडायला नाही. आमची ही कालपासून धाकट्याला न्यूजर्सीला फोनवर फोन लावतेय.

जोशी ए-१०१: पाटीलसाहेब, नमस्कार. पोल टाकला होता. आपण मत दिलं नाहीत.

पाटील बी-२०४: पोलमध्ये 'इरफान-तब्बूचा कौटुंबिक सिनेमा' एवढंच होतं. नवरा जातो, हे कुठे लिहिलं होतं?

सावंत सी-००३: क्लबहाऊसच्या ६ खुर्च्या अजून गच्चीवरच आहेत. कृपया.

ओंकार ए-५०२: जातो?? काका, मी दूध आणायला खाली गेलो होतो 😂

देशपांडे बी-३०१: अहो, मीरा नायरने किती हळुवार दाखवलंय ते! तो एकटा ओहायोला शिकवायला गेलेला. पोटात दुखतंय म्हणून हॉस्पिटलमध्ये आलोय, असं स्वतःच फोनवर सांगतो. आणि मग थेट तो गेल्याचंच कळतं. एवढ्या मोठ्या घरात ती एकटी! झुंपा लाहिरींची मूळ कादंबरीही वाचा, २००३ची.

पाटील बी-२०४: दोन तास कोणी धड मोठ्याने रडतही नाही. मुलगा बापाच्या रिकाम्या खोलीत जाऊन त्याचे बूट घालतो. आपण बघत बसायचं.

देशपांडे बी-३०१: लग्नाआधी तब्बूनेही गुपचूप त्याच्या बुटांत पाय घालून बघितलेले असतात. तेव्हा तुम्ही मागे पार्किंगवर बोलत होतात.

पाटील बी-२०४: पार्किंगचं तुम्ही बोलूच नका मॅडम. आमच्या जागेत कोणाची स्कूटर असते, सगळ्यांना ठाऊक आहे.

सावंत सी-००३: ६ खुर्च्या.

सेक्रेटरी: विषयाला धरून बोला 🙏

ओंकार ए-५०२: पुढच्या वेळी अशोक सराफ लावा. विषय संपला.

मोरे सी-४०३: इरफान दिसला की २०२०चा एप्रिलच आठवतो. आई जयपूरला गेली, हा मुंबईत, लॉकडाऊनमुळे जाता आलं नाही. चार दिवसांत हाही गेला.

लेलेकाकू ए-२०२: मी इथे सहसा लिहीत नाही. हे गेले तेव्हा आम्ही मुलीकडे डलासला होतो. तिच्या मैत्रिणी रोज डबे आणून द्यायच्या, झाकणावर नाव लिहिलेली पट्टी चिकटवून. दुपारी सगळे कामावर गेले की मी ते घासायची आणि पट्टी निघू नये म्हणून जपायची. सिनेमात मुलगा डोकं भादरून आईसमोर येतो ना, तसं आमच्या नातवानेही विचारलं होतं, आजोबांसाठी करू का म्हणून. मी नको म्हटलं, ह्यांना असलं काही पटायचं नाही. मला सिनेमा आवडला. पाटीलभाऊजी, वहिनींना संध्याकाळी माझ्याकडे पाठवा.

पाटील बी-२०४: हो वहिनी, पाठवतो. पण कोजागिरीला नको होता, हे माझं मत कायम आहे.

जोशी ए-१०१: पुढच्या पोलमध्ये मत द्या म्हणजे झालं.

सेक्रेटरी: उद्या ११ ते १ टाकी धुणार. पाणी भरून ठेवा.

पाटील बी-२०४: कुठल्या विंगची?