मदत हवी आहे: ठिपक्यांच्या चित्रातला डायनासोर मला सोडून सगळ्यांना दिसतो

वैतागलेला_विंचू
ते रंगीबेरंगी ठिपक्यांचं चित्र असतं ना, ज्यात थ्रीडी आकृती लपलेली असते, ते बघायचं कसं? घरात सगळ्यांना दिसलं. भाची तर "मामा, केवढा मोठा डायनासोर आहे, दिसत कसा नाही!" म्हणून खिदळतेय. मला नुसता रंगांचा चिखल. डोळे बारीक करून झाले, फाडून झाले, पाणी आलं. "रिलॅक्स व्हा" हा सल्ला कृपया नको. रविवारी मंडळी परत येणार आहेत, त्याआधी काय ते सांगा.

कोकमसरबत
सोप्पंय. चित्र नाकाला टेकवा, सगळं धूसर होईल, होऊ द्या. मग नजर तशीच ठेवून हळूहळू लांब न्या. चित्राकडे बघायचं नाही, चित्राच्या आरपार मागे बघायचं. मॅजिक आयच्या पुस्तकांची लाट आली होती तेव्हा आम्ही असेच शिकलो.

मास्तर_निवृत्त
त्यापेक्षा सरळ तिरळं बघा. चित्र आणि नाक यांच्यामध्ये बोट धरा, बोटाच्या टोकाकडे बघा, लक्ष मात्र मागच्या चित्राकडे. मला तरी हेच जमतं.

कोकमसरबत
मास्तर, ही चित्रं आरपार बघण्यासाठी बनवलेली असतात. तिरळं बघितलं की खोली उलटते. पुढे यायचं ते आत जातं. त्यांना डायनासोरच्या आकाराचा खड्डा दिसेल.

मास्तर_निवृत्त
दिसेल ना पण? मी पुण्यात राहतो, खड्डे ओळखता येतात.

योगी_अरविंद
रोज पहाटे त्राटक करा. तुपाचा दिवा, डोळ्यांच्या पातळीवर. चष्मासुद्धा जाईल.

वैतागलेला_विंचू
@योगी, रविवारपर्यंत जाईल का? @कोकमसरबत, नाक टेकवून बघितलं, बायको म्हणाली काचेवर डाग पडले, पुसा आता.

रेषाकाकू
थांबा थांबा. काच कसली? तुम्ही चित्र बघताय कशावर? आणि चष्मा आहे का?

वैतागलेला_विंचू
टीव्हीवर. ४३ इंची. भाचीने मोबाइलवर बघितलं, मला नीट दिसावं म्हणून टीव्हीवर लावून दिलं. चष्मा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वरून लांबचं, खालून जवळचं. त्याचा काय संबंध?

रेषाकाकू
सगळा संबंध तोच आहे! या चित्रात एकच नक्षी आडवी पुन्हा पुन्हा येते. डावा डोळा एका पट्टीवर आणि उजवा तिच्या शेजारच्या पट्टीवर ठेवायचा, मेंदू दोन्ही एकच समजतो. पट्ट्यांमधल्या अंतरात ठिकठिकाणी बारीक फरक केलेला असतो, तोच खोली म्हणून दिसतो. आता हिशोब करा. ४३ इंची टीव्ही साधारण ९५ सेंमी रुंद. चित्रात ८ पट्ट्या असतील तर एकेक जवळपास १२ सेंमीची. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये अंतर साधारण ६.३ सेंमी. म्हणजे तुमचे डोळे एकमेकांपासून बाहेरच्या बाजूला फाकायला हवेत. कितीही लांब बसलात तरी थोडे फाकावेच लागतात, आणि ते बहुतेकांना जमत नाही. ए-फोरवर आडवं प्रिंट काढा, पट्टी पावणेचार सेंमीच्या आत येईल. आणि प्रोग्रेसिव्हमधून कागद बघताना काचेचा खालचा भाग वापरा. मान तिरकी नको, कुशीवर लोळून तर नाहीच. पट्ट्या आडव्या रेषेत शेजारी-शेजारी आहेत, डोळेही आडव्या रेषेतच हवेत.

बिट्टू_द_ग्रेट
कशाला एवढं? फोटोशॉपमध्ये चित्राची दुसरी लेयर करा, डिफरन्स मोड लावा, वरची लेयर एक पट्टीभर सरकवा. डायनासोरची आकृती उमटते. दोन मिनिटांचं काम.

वैतागलेला_विंचू
मला डोळ्यांनी बघायचाय रे. प्रिंट कलर लागेल का? कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला कलरचे २० घेतो.

शंखनाद
काळं-पांढरं चालेल. खोली रंगात नसतेच, ठिपक्यांच्या जागेत असते. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या बेला युलेशने १९६० मध्ये दोन चित्रं शेजारी ठेवून हेच दाखवलं, तेही काळे-पांढरे ठिपकेच होते. एका डोळ्याला त्यात काहीच आकृती नाही. पुढे १९७९ मध्ये क्रिस्तोफर टायलरने दोन चित्रांचं काम एकाच चित्रात बसवलं. फक्त तुमचं चित्र रंगांवरच वेगळं ओळखू येत असेल तर झेरॉक्समध्ये ठिपके एकसारखे राखाडी होतील, तेवढं बघा.

कोकमसरबत
प्रिंटवर काच ठेवून त्यात स्वतःचं प्रतिबिंब बघा. ते काचेच्या मागे तेवढ्याच अंतरावर असतं, नजर आपोआप मागे जाते.

मास्तर_निवृत्त
नाहीतर बोट.

नेत्रा_७
एक विचारू? लहानपणी आळशी डोळा किंवा तिरळेपणा होता का? एका डोळ्याची नजर बरीच कमी आहे? तसं असेल तर या युक्त्यांनी डोकंच दुखेल. डोळ्यांच्या दवाखान्यात पोलरॉइड चष्मा लावून माशीचं चित्र दाखवतात, पंख वर आलेले दिसतात का ते विचारतात. ती तपासणी करून घ्या, आपापले निष्कर्ष नकोत.

वैतागलेला_विंचू
दोन्ही डोळे ठीक आहेत, परवाच नंबर काढला. प्रिंट आणलं, कलरच. पट्टी मोजली, साडेतीन. वर दोन काळे ठिपके आहेत. त्यांचे चार होतात, मधले दोन जवळ येतात आणि पळतात.

रेषाकाकू
वा! मधले दोन एकमेकांवर बसून एकूण तीन दिसले की नजर तिथेच धरा आणि सावकाश खाली चित्रात उतरा. ठिपक्यांच्या मागे धावू नका, पापण्या हलल्या तरी चालेल. कागद हातभर लांब धरा.

वैतागलेला_विंचू
तीन झाले. काहीतरी आत गेल्यासारखं वाटलं, मग फोन वाजला. बघतो परत.

मास्तर_निवृत्त
आत गेलं म्हणताय? म्हणजे तिरळंच बघताय तुम्ही. सांगत होतो.

योगी_अरविंद
तूप गाईचंच हवं, हे सांगायचं राहिलं.