मदत हवी आहे: स्क्रब टायफसचा (चिगर माइट चावून होणाऱ्या तापाचा) पेशंट 'गंभीर' कधी धरायचा?

मेडिसिनला रेसिडेंट आहे, पहिलं वर्ष. परवाची नाइट ड्यूटी डोक्यातून जात नाहीये, म्हणून विचारतोय.

पन्नाशीचे एक काका, आठ दिवस ताप. दाखल झाले तेव्हा नीट बोलत होते, "उद्या सोडाल ना?" असं मलाच विचारत होते. बीपी १०६/६८, श्वास २४. क्यूसोफा (गंभीर पेशंट झटपट ओळखायचा ० ते ३ गुणांचा स्कोअर) जेमतेम १, म्हणून वॉर्डातच ठेवलं. शर्ट काढायला लावला तर डाव्या काखेत काळी खपली, सिगारेटचा चटका बसावा तशी, म्हणजे स्क्रब टायफसची खूण. डॉक्सी (डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक) लगेच सुरू केली. पहाटे रिपोर्ट आले: प्लेटलेट ४२ हजार, बिलिरुबिन (लिव्हरसाठी) ३.१, क्रिएटिनिन (किडनीसाठी) १.८. राउंडपर्यंत श्वास ३४, ऑक्सिजन लावूनही धाप. आता आयसीयूत आहेत.

नंतर पूर्ण सोफा (कोणता अवयव किती बिघडला याचा स्कोअर) काढला. प्लेटलेटचे ३, बिलिरुबिनचे २, क्रिएटिनिनचा १. फुप्फुसं न धरताच ६! मग दाखल करताना भरवसा कशावर ठेवायचा? रिपोर्ट हातात येईतो काय बघायचं?

प्रतिसाद १
क्यूसोफात श्वास, बीपी आणि शुद्ध एवढंच आहे. प्लेटलेट, लिव्हर, किडनी त्यात नाहीतच. हा जंतू रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाच धरतो, त्यामुळे एकाच वेळी चार अवयव कुरकुरायला लागतात आणि पेशंट मात्र गप्पा मारत असतो. क्यूसोफा २ आला तर धावाच, पण १ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. पूर्ण सोफा दाखल होताना आणि मग रोज काढा. आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय ते महत्त्वाचं. रिपोर्ट येईपर्यंत श्वास, सॅच्युरेशन, लघवी किती होतेय आणि बोलण्यातली गडबड. धाप वाटली की एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) आणि एक्स-रे, सकाळची वाट बघायची नाही.

डॉक्सी आयजीएमच्या (अँटिबॉडी चाचणीच्या) रिपोर्टसाठी न थांबता दिलीत हे उत्तम. गंभीर पेशंटमध्ये शिरेतून डॉक्सी आणि ॲझिथ्रो (ॲझिथ्रोमायसिन) एकत्र द्या. २०२३ मध्ये आलेल्या भारतातल्या इंट्रेस्ट चाचणीत कोणत्याही एकट्या औषधापेक्षा ही जोडी सरस ठरली.

एक विचारू? तो २४ चा श्वास पूर्ण मिनिट मोजला होता?

धागाकर्ता
नाही सर. पंधरा सेकंद मोजून चारने गुणला.